डाव्या चाकाचा वॉशर

पुढच्या डाव्या चाकातून आवाज येऊ लागला तेव्हा जीपच्या मीटरवर एक लाख अठ्ठेचाळीस हजार सहाशे बारा किलोमीटर होते. आवाज ताशी अडतीसला सुरू व्हायचा, पंचेचाळीसला भरायचा आणि बावन्नच्या पुढे इंजिनाच्या घरघरीत बुडून जायचा. उजवीकडे वळताना वाढायचा, डावीकडे वळताना कमी व्हायचा. उजवीकडे वळलं की गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो, म्हणजे दुखणं डावीकडे, एवढं समजायला मेकॅनिक असावं लागत नाही. तरी बेसा ते घोगली रस्त्यावर मी तीन वेळा जाऊन-येऊन खात्री केली. शेजारच्या सीटवर कोणी असतं तर एकदाच गेलो असतो. आवाज खरा आहे की भास, हे दुसऱ्या कानाला विचारलं की लगेच मिटतं.

घरात त्या दिवसांत मी एकटाच होतो. मुलीचं बाळंतपण पुण्याला होतं आणि बायको तिकडे जाऊन तिसरा महिना लागला होता. आम्ही शहराबाहेर बेसाला घर बांधलं तेव्हा मागे तुरीचं शेत होतं. आता तिथे चार-चार मजल्यांच्या तीन इमारती आहेत. त्यांच्या बाल्कन्यांतून माझी पत्र्याची शेड दिसते. एक गृहस्थ कपडे वाळत घालता घालता वरून विचारतात, "काका, विकायची आहे का गाडी?" मी नाही म्हणतो. पुढच्या रविवारी ते पुन्हा विचारतात. मागच्या तीन महिन्यांत सुट्टीच्या दिवशी माझ्याशी समोरासमोर झालेलं बोलणं बहुतेक एवढंच.

मी जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी करतो. एकोणतीस वर्षं झाली. शेताची हद्द एक फूट इकडे की तिकडे, यावर भाऊ भावाच्या अंगावर जातो, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आकडा लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. जीपचीही माझ्याकडे वही आहे. तेल कधी बदललं, पट्टा कधी बदलला, कोणत्या चाकाचं ग्रीस किती किलोमीटरला भरलं, सगळं तारखेसकट आहे. त्या वहीत फक्त एक काम लिहिलेलं नाही. आणि सात वर्षं माझ्या मनावर जे आहे ते तेच.

ही जीप आम्हा दोघा भावांची. जुनी, चारही चाकं ओढणारी, नाल्यातून आणि काळ्या मातीच्या चिखलातून निघणारी. माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. आमचं घर विणकरांचं. बाबा हातमागावर नऊवारी विणायचे. आमच्या लहानपणी घरातला शेवटचा माग निघाला, पण बाबांची सवय गेली नाही. ते खाटेची सुतळी असो की वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी, तळवा फिरवून ताण बघायचे. मागावर असताना ताण्यावर असाच हात फिरवायचे आणि हजारभर धाग्यांत कोणता ढिला आहे ते न बघता सांगायचे. तो हात भावाकडे आला. माझ्याकडे गणितातले मार्क आले. बाबा पाहुण्यांना आमची ओळख करून द्यायचे ती अशी, "याचा हात पाहा, अन् याची वही पाहा."

भावाने गाड्या दुरुस्तीचं लहानसं गॅरेज टाकलं होतं. जीपचं काम मात्र आम्ही दोघं मिळून करायचो, दरवर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी, कारण त्यानंतर आमचं रानात फिरणं सुरू व्हायचं. त्यातलं मुख्य काम पुढच्या दोन चाकांचे हब. हब म्हणजे चाकाच्या मधला ओतीव लोखंडाचा पोकळ गाभा. त्यात दोन बेअरिंग बसतात, आतल्या बाजूला मोठं, बाहेरच्या बाजूला लहान. दोन्हींत निमुळते रोलर असतात. नाला ओलांडताना तापलेला हब गार पाण्यात बुडतो आणि सील जरा जुनं असेल तर आत पाणी ओढून घेतो. पाणी गेलं की ग्रीसचं ताक होतं. म्हणून चिखलपाण्यात जाणाऱ्या गाडीचे हब वेळच्या वेळी उघडावे लागतात.

भाऊ उघडायचा आणि मी पुसायचो. डिझेलमध्ये रोलर धुवायचे, सुती कापडाने कोरडे करायचे, एकेक रोलर उजेडात धरून बघायचा. खड्डा नको, रेघ नको, निळी छटा तर नकोच, कारण निळं म्हणजे तापलेलं. मग तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंग त्यावर दाबत राहायचं, रोलरच्या दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत. डाव्याचं डाव्यात, उजव्याचं उजव्यात. बरोबर फिरलेले भाग बरोबरच ठेवायचे. मी डाव्याखाली मराठी वर्तमानपत्र आणि उजव्याखाली इंग्रजी अंथरायचो, म्हणजे चूक व्हायला नको. भाऊ हसायचा. "इंग्रजी बेअरिंग जास्त चालते का गा, दादा?"

नट आवळायचं काम मात्र त्याचंच. त्याला दोन माणसं लागतात. मी चाक फिरवत राहायचो आणि तो आतला नट आवळत न्यायचा, चाक जड होईपर्यंत. मग नट मागे घ्यायचा. किती मागे, ते त्याचा डावा हात ठरवायचा. तो हात चाकामागच्या कमानीवर, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगवर असायचा, डोळे शेडच्या पत्र्याकडे. शेवटी चाक वर-खाली धरून हलवायचं. अगदी बारीक टक्क लागायचं, नखाच्या जाडीइतकं. मेकॅनिक लोक त्याला प्ले म्हणतात. त्यावर वॉशर, वॉशरवर चेकनट म्हणजे बाहेरचा नट, आणि वॉशरच्या कडेला ज्या पाकळ्या असतात त्यातली एक छन्नीने नटावर दुमडायची, म्हणजे नट फिरत नाही. दरवर्षी नवा वॉशर आणि त्याची एकच पाकळी. मध्येच काही कारणाने उघडावं लागलं तर ती पाकळी सरळ करायची आणि दुसरी दुमडायची. एकदा वाकलेली पाकळी पुन्हा वाकवली तर तुटते आणि तुकडा आत जातो. हा त्याचा नियम.

सात वर्षांपूर्वी, त्या वर्षी शनिवारीच, त्याने दोन्ही चाकं बसवली आणि संध्याकाळी तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाबांना घेऊन उमरेडच्या पुढे एका गावी जाणार होतो. बाबांबरोबर एकाच छपराखाली माग चालवलेले त्यांचे एक जुने सोबती तिथे मुलाकडे अंथरुणावर होते. बाबा आठवडाभर त्यांच्या भेटीचंच बोलत होते. त्यांच्यासाठी गांधीबागेच्या कापडबाजारातून धोतरजोडी आणली होती.

भाऊ गेल्यावर मी जॅक लावून एकदा चाकं हलवून पाहिली. उजव्याची टक्क बारीक होती. डाव्याची मला जास्त वाटली. मोजली नव्हती, मोजण्याचं साधनही माझ्याकडे नव्हतं, पण दोन बाजू सारख्या नाहीत एवढं वाटलं आणि ते मला सोसेना. हद्दीच्या दोन्ही खुणा सारख्या असाव्यात, ढिलं ते चुकीचं, असा माझा हिशेब. मी हबवरची टोपी काढली, पाकळी सरळ केली, चेकनट काढला आणि आतला नट आवळला. चाक फिरवायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून न फिरवताच आवळला. टक्क पूर्ण गेली तेव्हा फार समाधान वाटलं. मग भावाचा नियम पाळून दुसरी पाकळी दुमडली. हात धुतले. वहीत लिहावं असं मनात आलं, पण त्याच पानावर वर त्याचं नाव आणि "दोन्ही चाकं ठीक" असं मीच लिहिलेलं होतं. त्याच्याखाली काय लिहिणार? वही मिटली.

बेअरिंगला तो प्ले लागतो. गाडी धावली की लोखंड तापतं, फुगतं, आणि त्या नखभर जागेत मावतं. जागाच नसेल तर रोलर स्वतःलाच दळतात. हे मला नंतर कळलं. भावाला ते आधीपासून माहीत होतं, फक्त शब्दांत सांगता आलं नसतं.

उमरेड मागे टाकून बारा-तेरा किलोमीटर गेलो असू. गाडी भाऊ चालवत होता, बाबा पुढे, मी मागे. आधी जळका वास आला. मग डावीकडून खरडल्यासारखा आवाज, मग धूर. भावाने गाडी कडेला एका मोहाच्या झाडाखाली घेतली. चाक बाहेरच्या बाजूला कललं होतं. हबला हात लावायची सोय नव्हती. त्यावर पाणी टाकलं तर चर्र झालं.

बाबा खाली उतरले. चाकाकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. म्हणाले, "कालच केलं होतं ना हे?"

"हो, बाबा."

"हात गेला तुह्या."

बाबा ओरडले नाहीत, साधेपणाने म्हणाले. विणकराच्या घरात याहून वाईट बोलणं नाही. म्हातारपणी नजर जाते, कंबर जाते, ते चालतं. हात गेला की त्या माणसाला मागावर बसवत नाहीत. भाऊ त्या वेळी बेचाळीस वर्षांचा होता.

मी लगेच म्हणालो, "मी बेअरिंग घेऊन येतो." कोणी विचारायच्या आत म्हणालो. रस्त्याने एक मोटारसायकलवाला येत होता, त्याच्यामागे बसून उमरेडला गेलो. रविवार होता, दुकान उघडून घ्यायला वेळ लागला. परत यायला चार तास लागले. बाबा झाडाखाली धोतरजोडीची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. भावाने हब उघडून सगळे भाग फडक्यावर मांडून ठेवले होते. मी बेअरिंग पुढे केलं. त्याने ते घेतलं नाही. माझ्याकडे पाहून, बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं, "दादा, काल मी गेल्यावर चाकाले कोणी हात लावला होता का?"

मी म्हणालो, "नाही."

"पक्कं?"

"कोण लावणार?"

तो हं म्हणाला आणि कामाला लागला. दुरुस्त होईपर्यंत ऊन कललं होतं. पुढे जाऊन रात्रीच्या आत परत येणं होणार नव्हतं, म्हणून आम्ही तिथूनच मागे फिरलो. बाबांची ती भेट राहिली. सोबती पंधरा दिवसांत गेले. बाबा पुढे दोन वर्षं होते. चहाला, जेवणाला, पाहुण्यांत, त्यांनी त्यानंतर भावाच्या हाताचं नाव काढलं नाही. पाहुणे आले की फक्त माझ्या वहीची ओळख व्हायची.

गॅरेज त्याने वर्षाच्या आत बंद केलं. कारण विचारलं तर म्हणायचा, "कंटाळा आला." बाबांच्या तेराव्यानंतर तो उमरेडला सासरच्या गावी राहायला गेला. आता तिथल्या एका भाताच्या गिरणीत येणाऱ्या पोत्यांचं वजन लिहितो. जीप त्याने माझ्याकडे ठेवली आणि हत्यारांची हिरवी लोखंडी पेटीही, जी चाक जळलं त्या दिवसापासून माझ्या शेडमध्येच होती. सणाला आमचा फोन होतो. "तब्येत?" "बरी." "तुझी?" "बरी." असे चार शब्द. अठ्ठेचाळीस किलोमीटरवर माझा सख्खा भाऊ राहतो आणि माझ्या घरी तो या पाच वर्षांत दोनदा आला आहे, दोन्ही वेळा लग्नपत्रिका द्यायला.

तेव्हापासून हबचं काम मी एकटा करतो. एकट्याने करायची एक पद्धत बसवली आहे. पाटावर बसायचं, उजव्या हातात पाना आणि डाव्या पायाने चाक ढकलत राहायचं. पाय दमला की चाक थांबतं आणि तेवढ्यापुरता नटाचा अंदाज चुकतो. मग पुन्हा ढिला करून पहिल्यापासून. दोघं असताना एका चाकाला पन्नास मिनिटं लागायची, मला तीन तास लागतात. नट किती मागे घ्यायचा याचा आकडा मी एका पुस्तकातून घेतला आहे, पाव फेरा. दरवर्षी पाव फेराच. गाडी चालली, म्हणजे बरोबर असावं.

या वर्षी आवाज आला म्हणून डावं चाक मी दिवाळीच्या आधीच उघडलं. रविवारची सकाळ होती. गाडी जॅकवर घेतली, खाली टेकूची घोडी लावली, मागच्या चाकांना विटा. हब बाहेर काढला. आतल्या सीलची कडा फाटली होती आणि ग्रीस राखाडी झालं होतं. पावसाळ्यात एका ओढ्यातून गेलो होतो ते पाणी असणार. बेअरिंगच्या चार रोलरवर खड्डे होते. नवं बेअरिंग, नवं सील आणून ठेवलं होतं. वॉशर मात्र आणायचा विसरलो होतो. माझ्याकडून असं होत नाही, पण झालं होतं. पेटीत एखादा जुना-नवा पडला असेल म्हणून मी पेटी पूर्ण रिकामी केली.

तळाला ग्रीसचा एक जुना डबा होता. वाळलेलं ग्रीस असेल असं समजून मी तो कधी उघडला नव्हता. उघडला तर आत ग्रीस नव्हतं. तीन कोरे वॉशर होते आणि त्यांच्याखाली कापडात बांधलेली एक पुरचुंडी. कापड बाबांच्या जुन्या विणकामातलं होतं, पदराच्या कडेचा तुकडा. सोडून पाहिलं. आत आणखी एक वॉशर होता, तापून निळा पडलेला. आमच्या जीपचं एकच चाक आजवर जळलं आहे, त्यामुळे तो कुठला हे विचारायची गरज नव्हती. त्याची एक पाकळी नटावर दुमडून पुन्हा सरळ केलेली होती. तिच्यापासून तिसरी पाकळी दुमडलेली होती.

मी तो हातात घेऊन पाटावर बसलो. त्याने आदल्या दिवशी नवा वॉशर घालून एकच पाकळी दुमडली होती. मोहाच्या झाडाखाली हब उघडताना त्याने दोन पाहिल्या. म्हणजे मी उमरेडहून परत येईपर्यंत त्याला सगळं कळलेलं होतं. त्याने मला विचारलं ते कळण्यासाठी नव्हतं. मी सांगावं म्हणून होतं. आणि ती पाकळी मी त्याचाच नियम पाळून निवडली होती. तेवढी काळजी घेतली नसती, जुनीच पुन्हा वाकवली असती, तर कदाचित त्याला शंकाही आली नसती.

बाकीचं काम मी पूर्ण केलं. हात थांबवले असते तर पुन्हा सुरू झाले नसते. बेअरिंग भरलं, सील बसवलं, हब चढवला, चाक दोन नटांवर लटकवलं. आतला नट हातानेच टेकवून ठेवला. मग हात पुसून, दुपारी पावणेचार वाजता, कोणताही सण नसताना भावाला फोन लावला.

"बोल, दादा. वहिनी बरी आहे?"

"बरी आहे. पुण्यालाच आहे अजून."

"मंग?"

"डावं चाक खोललं आज."

"बरं."

"पेटीत वॉशर सापडला. कापडातला."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. तिसरी झाली तेव्हा तो बोलला.

"सात वर्षं लागले तुले डबा उघडाले? तुह्यासारख्या माणसाले? मले वाटलं, महिनाभरात यादी करशीन पेटीची."

"मी आवळला होता तो नट. तू गेल्यावर. तू विचारलं तेव्हा खोटं बोललो मी."

"हं."

"तुले माहीत होतं."

"पाकळ्या का आपोआप वाकतात गा?"

"मंग बाबांसमोर काहून नाही सांगितलं?"

"विचारलं ना मी तुले बाबांसमोर. अजून काय करू? थाळी वाजवू?" गॅस बंद केल्याचा आवाज आला. "वाट पाहिली मी. त्या दिवशी पाहिली, रस्ताभर. मंग बाबा होते तोवर पाहिली. रोज वाटे, आज हा बोलन. बाबा गेले, तवा म्हटलं, आता कायले."

मागच्या इमारतीत कोणीतरी गादी झटकत होतं. मी म्हणालो, "चुकलो मी. तुझा हात गेला नव्हता. बाबांना ते सांगायला पाहिजे होतं आणि मी नाही सांगितलं."

"राहू दे," तो म्हणाला. पण फोन ठेवला नाही. मग म्हणाला, "चाक चढवलं का?"

"चढवलं. नट टेकवला आहे फक्त."

"आवळ. फिरवत राहा अन् आवळ. जड लागलं की सांग."

फोन मी स्पीकरवर टाकून विटेवर ठेवला. पायाने चाक ढकलत नट आवळला. जड झालं तसं सांगितलं.

"आता मागे घे."

"पाव फेरा?"

"कोणी सांगतलं पाव?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकाले का तुह्या गाडीचं चाक लागलं होतं? पाना सोड. नट बोटानं मागे घे, थोडा थोडा. डावा हात कमानीवर ठेव. चाक फिरव अन् गप बस."

मी गप्प बसलो. चाक फिरत होतं. हाताखालच्या लोखंडाला बारीक थरथर होती, तारेवर पक्षी बसून उडाल्यानंतर राहते तशी. नट केसभर मागे घेतला, पुन्हा फिरवलं. थरथर कमी झाली. पुन्हा केसभर. एका जागी ती गेली. फोनमधून त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याला चाकाचं काय ऐकू येत होतं, देव जाणे.

"गेली," मी म्हणालो.

"मंग थांब तिथंच. आता हलवून पाह."

वर-खाली धरून हलवलं. टक्क लागली. बारीक. सात वर्षांपूर्वी जिला मी चूक समजलो होतो, ती.

"लागली?"

"लागली."

"राहू दे तिले. हात नको लावू." मग त्याच दमात, "वॉशर नवा घे डब्यातला. एक पाकळी."

मी छन्नीने पाकळी दुमडली. हातोडीचे चार ठोके त्याने ऐकले असतील.

"उजवं केलं?" त्याने विचारलं.

"नाही. उद्या सुट्टी टाकून करतो."

"उजवं राहू दे सध्या."

"तू येतो का?"

"येतो म्हटलं का मी? राहू दे म्हटलं." आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी मी वही काढली. सात वर्षांपूर्वीच्या त्या पानावर दोन ओळींच्या मध्ये जागा नव्हती, म्हणून समासात आडवं लिहिलं: डाव्या चाकाचा नट भाऊ गेल्यावर मी आवळला, प्ले काढला, चाक त्यामुळे जळलं. खाली सही केली. ते वाचायला घरात कोणी नव्हतं आणि ज्यांनी वाचायला हवं होतं ते बाबा पाच वर्षांपूर्वी गेले. तरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमरेड रोडवर वीस किलोमीटर जाऊन गाडी थांबवली आणि दोन्ही हबना हात लावून पाहिला. दोन्ही सारखेच कोमट होते. आवाज नव्हता. तिथून उमरेड अठ्ठावीस किलोमीटर. मी पाच मिनिटं उभा राहिलो आणि परत फिरलो, कारण त्याने ये म्हटलं नव्हतं.

या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. दिवाळी झाली. दिवाळीच्या दिवशी त्याचा फोन आला होता, तब्येतीचे चार शब्द झाले. त्यानंतर त्याने विचारलं, "उजवं?"

"तसंच आहे."

"बरं."

मी दोन्ही बाजू नेहमी एकाच वेळी करतो. एक बाजू करून दुसरी ठेवणं माझ्या स्वभावात नाही आणि गाडीलाही चांगलं नाही. उजव्या हबचं ग्रीस मागच्या भरणीपासून आठ हजार चारशे किलोमीटर चाललं आहे. दहा हजारांच्या वर मी ते जाऊ देणार नाही, म्हणून जीप आता फक्त रविवारी काढतो, बेसा चौकापर्यंत आणि परत, एकूण चार किलोमीटर. या हिशेबाने अजून पुष्कळ रविवार आहेत. उजव्या चाकाचं बेअरिंग, सील आणि डब्यातला एक वॉशर मी इंग्रजी वर्तमानपत्रावर मांडून ठेवले आहेत, आणि शेडमध्ये एक जास्तीचा पाट.